ओली जिवती

हळदीचं ओलं बोट जिवतीच्या कपाळाला लागलं आणि तिच्या मांडीवरच्या पोराचा चेहरा वाहायला लागला. सपनाला आधी वाटलं, वाटीतलं पाणी जास्त झालं असेल. तिनं घाईघाईनं पदराचं टोक त्यावर टेकवलं आणि तिथंच घोटाळा झाला. टेकवायचं होतं, पुसलं गेलं. मांडीवरचं पोर, पाळण्यातलं पोर आणि जिवतीच्या पदराला धरून उभं असलेलं तिसरं, तिघंही एकमेकांत मिसळली. काळ्या केसांतून निळा रंग निघाला, निळ्यातून गुलाबी, आणि तो गुलाबी ओघळ खाली हत्तीवर बसलेल्याच्या मुकुटापर्यंत येऊन थांबला. वर खांबातून निघालेला नरसिंह कोरडा. कालियाच्या फण्यावरचा कृष्णही कोरडा. वाहायला सगळा कागद पडला होता, पण वाहिली ती फक्त पोरं. सपना वाटी घेऊन तशीच उभी राहिली, सातव्या महिन्याचं पोट भिंतीपासून वीतभर अंतरावर. तिच्या मनात पहिला विचार आला तो देवाचा नव्हता, शाईचाही नव्हता. आई किती वाजता येतील, हा होता.

आई म्हणजे तिची सासू, पंचफुलाबाई. कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर आघाडा आणि दुर्वा तोडायला गेल्या होत्या. वर्ध्याच्या बाजारात आघाड्याची जुडी सहज मिळते, पण जिवतीची माळ विकतच्या आघाड्याची करायची म्हणजे पंचफुलाबाईंच्या लेखी आळसाची हद्द. तळेगावहून त्या पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या, सुनेच्या देखरेखीला. आल्या त्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, "इथं जिवती लावायले कोण येते?" कोणी येत नाही, असं सपनानं सांगितल्यावर त्या बराच वेळ दाराच्या चौकटीकडे पाहत राहिल्या. तळेगावात अमावस्येला सकाळीच तानबा सोनार कागदांची गुंडाळी काखेत मारून दारोदार फिरतो, मागून लोहार येतो आणि चौकटीत खिळा ठोकतो. लेकरांच्या घरावर वर्षभराची राखण बसते. सुपात पसाभर धान्य घेतो आणि तानबा पुढच्या दारी. इथं कॉलनीत चौकटी लोखंडाच्या. खिळा ठोकणार कशात, कपाळात?

योगेंद्रला तिनं बाजारातून कागद आणायला सांगितलं होतं. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान भाजीबाजाराच्या तोंडाशीच, आणि अमावस्येच्या आठ दिवस आधीपासून त्याच्या दुकानासमोरच्या फुटपाथवर जिवतीचे कागद मांडलेले असतात. शुक्रवारी तो विसरला. शनिवारी पुन्हा विसरला. "उद्या आणतो ना," असं म्हणून बूट काढताना त्यानं मान वर केली नाही, तेव्हा सपनाला कळलं की हा विसरला नाही. रोज पाच वाजता दुकानाचं शटर अर्धं ओढून तो त्या कागदांसमोर उभा राहात असेल, हात खिशाकडे नेत असेल आणि परत आणत असेल. तिला त्याचा राग आला नाही. तिला स्वतःचाच राग आला, कारण तीसुद्धा सात महिने तेच करत होती, फक्त फुटपाथवर न जाता.

तिचा फुटपाथ म्हणजे कॉम्प्युटर. आर्वी नाक्याजवळ ज्या कॉम्प्युटर क्लासात ती शिकवायची, ते काम डॉक्टरांनी बंद करायला लावलं होतं. जिना नको, स्कूटर नको, वाकणं नको. मग उरलं काय, तर कोपऱ्यातलं टेबल, त्यावरचा संगणक, घरी नवंच आलेलं इंटरनेट आणि तो रंगीत प्रिंटर, जो सुरू करताना आधी मिनिटभर खरडतो, कण्हतो, मग कागद ओढतो. दिवसभर ती चित्रं शोधायची. जगात कुठं कुठं बसलेल्या लोकांनी फुकट ठेवलेली चित्रं. उतरवून घ्या, घरी छापा, कापा, चिकटवा. मसाल्याच्या डब्यांसाठी वेलबुट्टीच्या चिठ्ठ्या तिनं छापल्या होत्या, पंचफुलाबाईंसाठी मोठ्या अक्षरात एकादशीचं कॅलेंडर छापलं होतं, शेजारच्या जिजाबाईंना उशीच्या अभ्र्यावर इस्त्रीनं उठवायचा मोर उलटा छापून दिला होता. जिजाबाई तर म्हणायच्या, तुझ्या घरी चित्रांचं झाड आहे. पण त्या झाडाचा एक घड ती कधी पाडत नव्हती. संगणकात 'जुनी कामं' नावाचा एक फोल्डर होता. त्यात बदकं होती, हत्ती होता, पतंग होते, पेरू खाणारा पोपट होता. रोज रात्री जेवणं झाली की त्यात काहीतरी नवीन उतरायचं. कागदावर मात्र काहीच यायचं नाही. उतरवून घेणं वेगळं. ते कोणाला दिसत नाही, कोणी मोजत नाही. कागदावर काढलं की ते घरात आलं. मग ते जाऊही शकतं.

तीन वर्षांपूर्वी तिनं काढलं होतं. तेव्हा पाचवा महिना होता आणि तेव्हा तिला काही माहीतच नव्हतं, चोवीस तास शीळ घालावी इतका आनंद होता. चौदा बदकं छापली, एकामागे एक जाणारी. शेवटचं जरा मागे पडलेलं, मान वळवून पाहणारं. कात्रीनं कापताना अंगठ्याला घट्टे पडले. मधल्या खोलीच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला टेपनं चिकटवली, म्हणजे पोर रांगायला लागलं की त्याच्या डोळ्यांसमोर येतील, असा हिशेब. आठ दिवसांनी दवाखान्यातून ती रिकामी घरी आली तेव्हा भिंतीवर बदकं नव्हती. योगेंद्रनं तिला आणायच्या आधी घरी येऊन एकट्यानं ती काढली होती. प्रेमानंच काढली, तिला कळत होतं ते. पण टेप ओढताना भिंतीचा रंगही निघाला आणि प्रत्येक बदकाच्या जागी पांढरे ठिपके राहिले. मग त्यानं कपाट तिकडे सरकवलं. सबंध संध्याकाळ कपाट सरकवण्यात गेली आणि दोघं त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा झालं तेव्हा तिसराच महिना होता. त्या वेळी भिंतीवर काहीच नव्हतं. काढायलाही काही नव्हतं. कपाट अजून तिथंच आहे.

आणि अशा बाईनं शनिवारी रात्री, नवरा दुसऱ्यांदा रिकाम्या हातानं आल्यावर, जिवतीचं चित्र शोधलं. सापडलं तेही परदेशात. तिकडे राहणाऱ्या कोण्या मराठी बाईनं तिच्या आईकडचा जुना कागद स्कॅन करून ठेवला होता आणि खाली सूचना लिहिल्या होत्या, शाळेतल्या बाईसारख्या. चित्र मोठं करू नका, चौकोन दिसतील. जाड कागद घ्या. छपाई सगळ्यात चांगल्या प्रतीवर ठेवा. एक तास वाळू द्या. चौकटीत, काचेआड लावा. सपनानं सगळं तसंच केलं, शेवटची ओळ सोडून. ती वाचून तिला हसूच आलं होतं. जिवतीला काय काच लावतात? काच लावली तर कुंकू लावायचं कुठं, काचेला? त्या बाईला तिकडे राहून पूजा कशी करतात याचाच विसर पडला, असं म्हणून रविवारी सकाळी तिनं कणकेची खळ शिजवली आणि कागद स्वैपाकघराच्या भिंतीला चांगला दाबून चिकटवला. योगेंद्र चहा पिता पिता थांबला. पंचफुलाबाईंनी मात्र जवळ जाऊन नाक लावलं. "वास नाई येऊन राह्यला छापाचा," एवढंच म्हणाल्या. सात महिन्यांत तिनं या पोरासाठी कागदावर काढलेली ती पहिली वस्तू. पाच दिवस ती येता जाता त्या कागदाकडे पाहत होती, आणि पाच दिवस तिला बरं वाटत होतं. खरोखर बरं. आज श्रावणाचा पहिला शुक्रवार, पहिली पूजा, आणि पहिलंच बोट.

आता तिला त्या परदेशातल्या बाईची काच कळली. बाजारच्या छापाचा रंग पाण्याला भीत नाही, घरच्या प्रिंटरची शाई थेंबात विरघळते. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? क्लासात पोरांना तिनंच सांगितलं होतं, प्रिंटआउटवर पाण्याची बाटली ठेवू नका. ठाऊक असलेलं ठाऊकच राहतं, हाताला कळत नाही. कारण साधं होतं, शाळेच्या पुस्तकातलं. बी.एस्सी. झालेल्या बाईला ते दहा वेळा सांगता आलं असतं, आणि तिनं ते स्वतःला सांगितलंही, भिंतीसमोर उभं राहून, ओठ हलवत. आणि तरी तिचा हात पोटावर गेला. सकाळपासून हललं का ते? चहाच्या वेळी हललं होतं की काल चहाच्या वेळी? तिनं श्वास धरून वाट पाहिली. आतून काही नाही. झोपलं असेल. या वेळेला झोपतंच ते. घड्याळात दहा वीस. अकराला लाईट जाते, एकला येते. चाळीस मिनिटं. दुसरा कागद छापायला दहा. आईंना प्लॉटवर जाऊन किती वेळ झाला? हा कागद काढायचा, दुसरा लावायचा, कोणाला काही सांगायचं नाही. तिनं नखानं कोपरा उचलला. खळ पक्की बसली होती. कागदाबरोबर भिंतीचा पोपडा निघाला, नखाएवढा, आणि खाली पांढरा चुना दिसला. तिनं हात असा मागे घेतला, जसं काही भाजलं. पांढरे ठिपके. नाही. पुन्हा भिंतीवरून काही ओरबाडायचं नाही, या घरात तरी नाही. ती खुर्चीवर बसली. वाटी तिच्या हातातच होती.

फाटक वाजलं. पंचफुलाबाई ओच्यात आघाडा घेऊन आल्या, पायांना चिखल, कपाळावर घाम. ओट्याच्या पायरीशी त्यांनी पाय धुतले आणि आत येता येता म्हणाल्या, "काऊन अशी बसली? चक्कर आली का? वाटी ठेव ना खाली."

सपनानं सांगायचं काही ठरवलं नव्हतं. लपवायचंही राहून गेलं होतं. "आई, रंग गेला," ती म्हणाली.

पंचफुलाबाईंनी आघाडा ताटात ठेवला, चष्मा शोधला, पदरानं पुसला, डोळ्यांवर चढवला. या सगळ्याला त्यांना फार वेळ लागला. मग भिंतीजवळ जाऊन त्यांनी वाहिलेल्या जागेवर बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. "कच्चा आहे," त्या म्हणाल्या, कापडाच्या दुकानात म्हणावं तशा. "लुगड्याचाबी जाते पहिल्या पाण्यात."

"पोरंच गेली आई. बाकी सगळं आहे. नेमकी पोरंच गेली." आपला आवाज असा बारीक निघेल हे तिला माहीत नव्हतं. "मी पुसायला नको होतं. मी हे छापायलाच नको होतं."

पंचफुलाबाई जमिनीवर बसल्या. ताट ओढून आघाड्याची पानं निवडायला लागल्या, दोऱ्यात गाठ मारायला लागल्या. दोन-तीन पानं ओवून झाल्यावर, वर न पाहता त्या म्हणाल्या, "मले चार झाले. तुले दोनच माहीत आहे."

सपनानं हातातली वाटी अखेर खाली ठेवली.

"योगेंद्राच्या आधी दोन पोट्टे होते. पहिला अकरा दिवसांचा गेला, त्याचं तर नावबी ठेवलं नोतं. दुसरा दीड वर्षाचा झालता. चालत होता. तानबाच्या दुकानापर्यंत एकटाच जाये अन् पायरीवर बसून राहे."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कोन सांगन? योगेंद्रालेच धड माहीत नाई." त्यांनी पान उलटं करून पाहिलं, किडलेलं होतं, बाजूला टाकलं. "त्या साली तानबाच्या बापानं लावली होती जिवती. पक्क्या छापाची. मी रोज ओली हळद लावो, ओलं कुंकू लावो. पोट्टं तिसऱ्या शुक्रवारी तापानं गेलं. अन् तो कागद, सपना, दिवाळी आली तरी टवटवीत. जसा काल लावला. मांडीवरचं पोरगं हसूनच राह्यलं. मी चूल फुंको अन् ते माह्याकडे पाहो. एक दिवस मले असा राग आला, मी तांब्याभर पाणी मारलं त्याच्यावर. भिंत ओली झाली, खाली चिखल झाला. रंग नाई उतरला."

बाहेर कोणाची तरी लूना उताराकडे गेली. सपनाच्या डोळ्यांसमोर तळेगावचं ते स्वैपाकघर आलं, जिथं लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं बसून भाकरी थापली होती. चुलीमागच्या भिंतीवर कागद होता. तो कितवा, कोणाचा, तिनं कधी विचारलं नव्हतं. सासूकडे तिनं पाहिलं आणि तिला वाटलं, एवढे दिवस ही बाई माझ्यावर लक्ष ठेवायला आली आहे असं मी समजत होते. आपल्याला किती थोडं दिसत होतं याची तिला लाज वाटली, आणि त्याबरोबरच छातीतलं काहीतरी सैल झालं, कोणीतरी मागची गाठ सोडावी तसं.

"मग?" तिनं विचारलं.

"मंग काय. दुसऱ्या साली तानबाचा बाप आला. दारातच थबकला. म्हने, वयनी, यंदा राहू देऊ का. मी म्हनलं, लाव."

"आणि मग हे झाले."

"तो दोन सालानं झाला. त्याचा अन् कागदाचा काई संबंध नाई." पंचफुलाबाईंनी आता वर पाहिलं. "मी लाव म्हनलं, तेवढंच सांगून राह्यली तुले." मग माळेला शेवटची गाठ मारून, दात लावून दोरा तोडून त्यांनी विचारलं, "त्या मशीनीत आहे का अजून ते चित्र? का तेबी वाहून गेलं?"

"नाही आई. ते तसंच आहे."

"मंग काढ. अकराले लाईट जाते."

"आणि हा कागद?"

"राहू दे. त्याच्यावरच लाव. गावात जुन्यावरच लावते. माह्या भिंतीवर किती सालाच्या असन एकाखाली एक. त्या सालचीबी आहे."

सपना टेबलाशी गेली. पंचफुलाबाई आजवर त्या कोपऱ्याकडे फिरकल्या नव्हत्या, आज स्टूल ओढून शेजारी बसल्या. प्रिंटरनं नेहमीसारखं खरडायला, कण्हायला सुरुवात केली, आणि त्या आवाजासरशी पोटात एक लाथ बसली, उजवीकडे, बरगडीखाली. सपनाचा हात माउसवरून सुटला. "हललं," ती म्हणाली. "हलनच," पंचफुलाबाई म्हणाल्या, "या आवाजानं मेलेलं मांजर उठन." सपना हसली. किती दिवसांनी हसली ते तिचं तिलाच आठवेना. कागद रेघेरेघेनं बाहेर येत होता, आधी खांब, मग नरसिंह, मग फणा. पंचफुलाबाई मान तिरपी करून पोरांची वाट पाहत होत्या. पोरं आली, तिन्ही, जशीच्या तशी. "आता पाणी नाई लावायचं," त्या म्हणाल्या. "मेणबत्ती आहे ना घरात? वाळला की वरून घासू. लोणच्याच्या बरणीवरच्या चिठ्ठ्या मी अशाच घासतो, दहा दहा साल अक्षर जात नाई." एवढं सगळं त्या परदेशातल्या बाईनं शिकवलं, मेणबत्ती मात्र तिला सुचली नाही.

चित्र बंद करायला गेली आणि घाईत सपनानं शेजारचा फोल्डर उघडला. पडदाभर बारकी चित्रं पसरली. ती लगेच बंद करू शकली असती. केलं नाही.

"हे बदकं काय होय?"

"काही नाही. असंच. उतरवून ठेवली."

"कोनासाठी?"

पंचफुलाबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही, त्या पडद्याच्या अगदी जवळ गेल्या, श्वासानं काच धुरकटली. "हे मांगचं चांगलं आहे. मान वळवून पाहून राह्यलं ते. ते काढ."

घड्याळात अकराला पाच कमी. सपनानं कोरा कागद घातला, तो नीट बसवला, पुन्हा काढून पुन्हा बसवला. मग बटण दाबलं. प्रिंटर खरडला, कण्हला. चोच आली. डोळा आला. वळलेली मान आली, आणि तेवढ्यात पंखा मंद होत थांबला, पडदा काळा झाला. कागद अर्धा आत, अर्धा बाहेर. बदकाला मान होती, पोट नव्हतं. सपना त्याच्याकडे पाहत राहिली आणि नेहमीची ती थंड भीती पायांतून वर चढते का याची वाट पाहू लागली. गुडघ्यांपर्यंत आली खरी. पण त्याच्या वर काही आली नाही.

"आता?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"एकला येईल लाईट. मग परत पहिल्यापासून काढायचं."

"काढू. दोन महिने आहे अजून."

पंचफुलाबाई मेणबत्ती शोधायला उठल्या. सपनानं टेबलावरचा मोबाईल घेतला. योगेंद्रनं उचलला तेव्हा मागून हमालाचा आवाज येत होता, पोती मोजण्याचा. तो घाबरला, दिवसाच्या या वेळी ती कधी फोन करत नाही. "काय झालं? काही होतंय का?"

"काही नाही. संध्याकाळी थोडं लवकर या. मधल्या खोलीतलं कपाट सरकवायचं आहे."

हमाल मोजत होता, एकवीस, बावीस, तेवीस. सपनाला वाटलं फोन कटला. मग कोणीतरी दुकानाच्या आतल्या अंगाला जावं तसा मागचा आवाज दूर गेला.

"मग पुट्टी घेऊन येतो," योगेंद्र म्हणाला. "चौदा जागी भरावी लागेल."